डावीकडचा ब्रेक

माणसांना गाडी चालवायला शिकवण्याइतका निष्फळ उपकार दुसरा नसेल. वर्गात शिकवणाऱ्याला त्याचे विद्यार्थी रस्त्यात भेटले तर निदान ओळख तरी देतात. ड्रायव्हिंग मास्तरांना मात्र त्यांचेच विद्यार्थी मागून हॉर्न वाजवून कडेला सारत आणि धूळ उडवीत पुढे जात. अर्ध्या शहराच्या हाती त्यांनी स्टिअरिंग दिले होते. त्या अर्ध्या शहरातला एकही जण सिग्नलला काच खाली करून दोन शब्द बोलण्याच्या फंदात पडत नसे. मास्तरांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. ती त्यांच्या वतीने इथे नोंदवून ठेवलेली बरी.

मास्तरांची जागा डावीकडची. शिकाऊ गाडीत शिकणारा उजवीकडे बसतो, शिकवणारा डावीकडे, आणि शिकवणाऱ्याच्या पायांशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून मास्तरांनी किती सायकलस्वार आणि किती दुकानांच्या पायऱ्या वाचवल्या याचा हिशेब कुणाकडेही नाही, कारण न झालेल्या अपघाताला साक्षीदार नसतात. बोलणे जेमतेम. शिकणारा गिअरच्या दांड्याकडे बघे, आरशात स्वतःचा भांग बघे, फुटपाथवर कोणी ओळखीचे दिसते का ते बघे, मास्तर आवाज न चढवता म्हणत, "पुढे बघा." त्यांच्या साऱ्या अध्यापनाचा अर्क या दोन शब्दांत होता.

त्यांची पत्नी सरकारी रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर ओल्या चादरींची वाफ, जंतुनाशकाचा वास आणि भिंतीत वर, हात न पोचणारी एक खिडकी. तिथल्या एका नर्सने कधीतरी तिला एका समुद्रकिनाऱ्याचे वर्णन सांगितले होते. घाट उतरत जायचे, समुद्र कुठेच दिसत नाही, दिशा चुकली की काय असे वाटू लागते, आणि शेवटचे वळण घेतले की सगळाच्या सगळा एकदम समोर येतो. ते वळण तिच्या डोक्यात बसले. एका दिवसात जाऊन येता येईल, ड्रायव्हिंग शाळेचे मालक सुटीच्या दिवशी गाडी देतात, नवरा जन्मभर गाडीतच बसलेला. यात अवघड काय आहे, हे तिला कळत नसे. दरवर्षी ती विषय काढी आणि दरवर्षी मास्तरांकडे कारण तयार असे. कधी ऊन, कधी गर्दी, कधी घाटात काम चालू आहे म्हणे. या 'म्हणे'च्या पुढे ती जात नसे.

खरे कारण मास्तरांनी कुणालाही सांगितलेले नव्हते. गाडी शाळेच्या दारातच उभी असे. सकाळी ती पहिला विद्यार्थी बाहेर काढी, संध्याकाळी शेवटचा आत लावी. पेट्रोल भरणे हासुद्धा एक धडाच होता. त्यामुळे उजवीकडे बसण्याची वेळ मास्तरांवर येतच नसे. काही वर्षांपूर्वी एका दुपारी ती आली. गाडी वर्कशॉपला न्यायची होती आणि विद्यार्थी कोणी नव्हता. नदीच्या पुलावर समोरून ट्रक आला. ट्रक आपल्या बाजूने, शिस्तीत येत होता. मास्तरांच्या मनात मात्र तोच विचार आला जो डावीकडे बसून रोज येत असे: याने आता चूक केली तर? फरक इतकाच की 'हा' म्हणजे ते स्वतः होते, आणि डावीकडची जागा रिकामी होती. पाय पेडलवर हलेनात. पूल कसाबसा ओलांडून त्यांनी गाडी कडेला लावली आणि घरापर्यंत चालत आले. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याला तिथे नेऊन 'पुलावरचा धडा' दिला आणि गाडी परत आणवली. ज्याच्या भरवशावर अर्ध्या शहराने गाडीला हात लावला, त्याला स्वतःचाच भरवसा उरला नव्हता.

यंदा पत्नीने विषय मास्तरांकडे काढलाच नाही. तिने थेट भावाला बोलावले.

हा मेहुणा विमा कंपनीत अधिकारी होता आणि घरात सगळे त्याला साहेब म्हणत. आधी थट्टेने, पुढे सवयीने. चार माणसांनी कुठे जायचे म्हटले की त्याच्या अंगात नियोजन संचारे. सुटीच्या दुपारी तो आईला घेऊन आला, फोनवरचा नकाशा मध्यभागी ठेवला आणि बैठक सुरू झाली. उजाडताच निघायचे म्हणजे ऊन चढण्याआधी घाट उतरून होईल. सकाळी ओहोटी असते, वाळू रुंद मिळते. दुपारी भरतीच्या वेळी झाडाखाली बसून डबे उघडायचे. गाडी लागू नये म्हणून आईने रिकाम्या पोटी बसू नये, आणि भरल्या पोटीही बसू नये. सासूबाईंनी विचारले की मग नेमके कशा पोटी बसायचे, तेवढे त्या फोनमध्ये बघ. साहेबाने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

मास्तर एकेक हरकत काढीत होते आणि साहेब ती निकालात काढीत होता. शेवटी मास्तरांनी हुकमाचे पान टाकले: साहेबाची लांबलचक गाडी असताना शाळेची गाडी कशाला? साहेब म्हणाला की किनाऱ्यालगतचा रस्ता अरुंद आहे, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली पाणी. तिथे छोटीच गाडी हवी.

"मग ती तू चालव," मास्तर म्हणाले.

"तुमच्या शेजारी बसून? नको भाऊजी. लायसन मिळून इतकी वर्षं झाली, पण तुम्ही शेजारी बसलात की मला अजून नापास झाल्यासारखं वाटतं."

"आमचे जावईबापू मुळात शिकवणारे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "करून दाखवायचं म्हटलं की त्यांना घाटात कामं आठवतात."

सगळे हसले. पत्नी हसली नाही. ती मास्तरांकडे बघत होती. "अहो, एकदाच विचारते," ती म्हणाली. "येणार असाल तर या रविवारी चला. नसाल तर तसं सांगा. मी पुन्हा नाव काढणार नाही."

ती कधी रागावून बोलत नसे, आणि आत्ताही रागावलेली नव्हती. तेच मास्तरांना लागले. ते "जाऊ या" म्हणाले आणि त्याच क्षणापासून त्यांची झोप उडाली.

रविवारी उजाडताना गाडी दारातच उभी होती. आदल्या संध्याकाळच्या विद्यार्थ्याचा शेवटचा धडा मास्तरांनी आपल्याच दारात संपवला होता. टपावरचा 'शिकाऊ' असा बोर्ड काढून टाकावा, चारचौघांत शोभत नाही, असा साहेबाने आग्रह धरला. मास्तर म्हणाले, राहू दे, लोक अंतर ठेवतात. सासूबाई आणि साहेब मागे बसले. मास्तरांनी दार उघडले, आत बसले, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि सवयीने वाट बघू लागले.

ते डावीकडे बसले होते.

पत्नी पिशवी घेऊन बाहेर उभी होती आणि गाडीत फक्त उजवीकडची जागा मोकळी होती. मग साहेबाने खो खो हसत विचारले की ताईची आज परीक्षा आहे का. मास्तर खाली उतरले. पत्नीच्या हातची पिशवी घेऊन गाडीच्या मागे गेले आणि डिकी उघडून तिच्या आडोशाला उभे राहिले. ती मागोमाग आली.

"मला भीती वाटते," ते म्हणाले.

"कसली?"

"चालवायची." आणि मग पूल, ट्रक, चालत येणे, सगळे त्यांनी डिकीतल्या पाण्याच्या बाटल्यांकडे बघत सांगून टाकले. "शेजारी ब्रेकवर कोणी असलं की काही वाटत नाही. नसलं की पायच हलत नाहीत."

गाडीच्या आतून सासूबाईंनी विचारले की समुद्र डिकीत आहे का.

पत्नीने पिशवी नीट लावली, डिकी बंद केली. "इतकी वर्षं घाटात काम चालू होतं ते हेच होय," ती म्हणाली. मग जरा थांबून: "मला दाखवा. त्यातला ब्रेक कुठला?"

घरच्या माणसाला शिकवायचे नाही, हा मास्तरांचा नियम होता. तो तिथे, कचऱ्याच्या डब्याशेजारी, मोडला. ती डावीकडे बसली. मास्तरांनी खाली वाकून तिचा पाय पेडलवर ठेवला, किती दाबायचा ते दाखवले. मागून साहेबाने विचारले की हे काय चालले आहे. "धडा," मास्तर म्हणाले आणि उजवीकडे जाऊन बसले.

गल्लीच्या टोकाशी पोचायच्या आतच तिने काही कारण नसताना ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडली आणि साहेबाचे कपाळ पुढच्या सीटवर आपटले. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरले. ब्रेक होता, आणि ब्रेकवर माणूस होते. "छान," ते म्हणाले आणि गाडी पुन्हा सुरू केली.

नदीचा पूल आला तेव्हा त्यांनी डावीकडे नजर टाकली. तिचा पाय जागेवर होता. समोरून ट्रक आला आणि गेला. घाट लागल्यावर साहेबाने नकाशातून सूचना द्यायला सुरुवात केली. सासूबाईंनी त्याला गप्प राहायला सांगितले. उतारावर मास्तरांचे हात ओले झाले होते, पण पाय चालत होते. खालचा गिअर टाकीत, हॉर्न देत, प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या कडेला दगडी कठड्यापासून अंतर राखीत ते उतरत राहिले. समुद्र कुठेच दिसत नव्हता. दिशा चुकली की काय, असे सासूबाई म्हणाल्या.

मग शेवटचे वळण आले आणि नर्सने सांगितले होते तसेच झाले. एका बाजूचा डोंगर संपला आणि पाणी एकदम समोर आले, खाली ओल्या वाळूचा रुंद पट्टा घेऊन. साहेब मागून म्हणाला की बघा, अगदी नियोजनाप्रमाणे.

मास्तरांनी पत्नीकडे पाहिले. तिने काच खाली केली होती, केस वाऱ्यावर सोडले होते. चपला खाली पडल्या होत्या आणि ती सीटवर चक्क मांडी घालून बसली होती. कधीपासून, कोण जाणे. चपलांवर धुळीचा थर होता आणि तो उघड्या खिडकीतून घाटाच्या वरच्या, धुळीच्या टप्प्यावरच आलेला असणार, म्हणजे तिचे पाय तेव्हापासूनच सीटवर होते. रिकामा ब्रेक तिच्या चपलांच्या वर नुसता उभा होता.

पुढे रस्ता अरुंद होता, खाली पाणी होते, आणि त्यांचा पाय गाडीचा वेग आपणहून कमी करीत होता.

समुद्रावरची नजर न हलवता ती म्हणाली, "पुढे बघा."

ते पुढे बघू लागले.