लग्न झालेल्यांना खोली मिळणार नाही

आख्ख्या परळीत लग्न झालेल्या माणसाला खोली नाकारणारी एकच बाई होती, आणि माझं नशीब असं की तीच मला घरमालकीण म्हणून मिळाली. बाकीचं गाव उलटं. मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा तिशी ओलांडली होती, लग्न झालेलं नव्हतं, व्हायची चिन्हं नव्हती आणि त्याचं मला फारसं दुःखही नव्हतं. ही शेवटची गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त खुपायची. खोलीसाठी मी गावभर फिरले. घरमालक आधी पाणी द्यायचे, बसा म्हणायचे आणि मग हळूच विचारायचे, "मिस्टर काय करतात?" मिस्टर नाहीत म्हटलं की त्या खोलीच्या भिंतीला एकाएकी ओल यायची, नाहीतर मेहुणे राहायला यायचे. एकानं सांगितलं, वडिलांना घेऊन या. वडील वारले म्हटल्यावर म्हणाला, मग भावाला आणा. अहो, मी खोली बघायला आले होते, मला कुणी बघायला यावं म्हणून नव्हे! पण जीभ आवरली, कारण अजून दोन गल्ल्या बाकी होत्या.

त्यातल्या दुसऱ्या गल्लीत, स्टेशनच्या अंगाला, ती घरमालकीण, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "लग्न झालंय?" मी पार वैतागले होते. म्हटलं, "नाही. वडील नाहीत, भाऊ नाही, मिस्टर नाहीत. अजून काही?" मावशींनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "मंग आत ये की. उन्हात काहून उभी हाय?" किराया किती, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

या बाईचा कायदा असा की, ज्याला गाव खोली देत नाही त्यालाच आपण द्यायची. माझ्यादेखत एक नवराबायको आले होते. नवरा थर्मलच्या वीजकेंद्रात कामाला, बायको गरीब गाय, कडेवर गोंडस लेकरू. दुसरा कुणी असता तर चहा पाजून चावी दिली असती. मावशींनी चहा पाजला, लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, "तुमाला समदं गाव मोकळं हाय की. ही खोली अडलेल्याची हाय." तो बिचारा नवरा जाताना माझ्याकडे असं बघत गेला, की मीच त्याचा संसार मोडलाय. माझ्या शेजारच्या खोलीत बँकेतला एक कारकून राहायचा, गरीब, लाजाळू, दर रविवारी आपलं बनियन आपणच धुणारा. त्याचं लग्न ठरलं. पेढे घेऊन तो मावशींच्या पाया पडला, तर मावशींनी त्याला तोंड भरून आशीर्वाद दिला, नव्या नवरीसाठी जरीकाठाची साडी दिली, पाच नारळ दिले आणि खोली रिकामी करायला सांगितली. "मावशी, आम्ही दोघंही इथंच राहतो की," तो काकुळतीला आला. "न्हाई बाबा," मावशी म्हणाल्या, "आता तुला कुणीबी जागा देतंय. जा, सुखात ऱ्हा." पोरगं डोळे पुसत गेलं. साडी मात्र त्याच्या बायकोला फार आवडली असं कळलं.

ते नारळ आप्पांच्या दुकानातले. आप्पा म्हणजे वैजनाथ आप्पा. देवळाच्या पायऱ्यांपाशी त्यांचं नारळ, उदबत्ती, भस्माचं लहानसं दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि तोंडात दिवसभरात मोजून चार शब्द. घर त्यांचं. मावशी त्या घरात त्यांच्याबरोबर राहत होत्या, आणि त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. मावशी पाली गावाकडच्या मेंढपाळाच्या घरातल्या. कोवळ्या वयात लग्न झालं होतं, नवरा दुसरी बाई घेऊन निघून गेला तो परत आला नाही आणि काडीमोडही दिली नाही. आप्पांच्या घरच्यांना असली, परजातीची, टाकलेली बाई चालणार नव्हती. मग ही दोघं कुणाला न विचारताच एकत्र राहिली आणि राहता राहता म्हातारी झाली. लोकांची तक्रार त्याचीसुद्धा नव्हती. लोक म्हणत, राहा, पण बाई, चारचौघांत नवराबायको म्हणा, काळे मणी घाला, कोण बघायला येतंय! पण मावशींना खोटं बोलायचं वावडं होतं. कुणी विचारलं की सरळ सांगायच्या, "न्हाई झालं आमचं लग्न. एक झालतं माजं. तेवढं बास झालं." आणि हाक मारायच्या तीही "वैजनाथ" अशी एकेरी, पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतकी खणखणीत. समोरच्या काकूंनी कानावर हात ठेवले, तर म्हणाल्या, "बायको असते तर नाव घेतलं नसतं. मला कशाची बंदी?" आप्पा नुसते हसायचे आणि ओ द्यायचे.

या समोरच्या काकूंचं एक सांगितलंच पाहिजे. तेव्हा गावात नुकतीच केबल आली होती. आप्पांनी एक रंगीत टीव्ही आणून ठेवला होता आणि दुपारच्या मालिकेला गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका मावशींच्या चटईवर असायच्या. काकू पहिल्या यायच्या आणि भिंतीला टेकायची जागा धरायच्या. मावशींचा चहा प्यायच्या, विरजणाला दही न्यायच्या, हिंगापासून सुईदोऱ्यापर्यंत काय न्यायच्या नाहीत ते विचारा. पण संक्रांत आली की हळदीकुंकवाचं बोलावणं मावशींचं दार तेवढं ओलांडून पुढं जायचं. मला कुमारिका म्हणून वगळायचे ते एक वेळ समजू शकते. पण मावशींना का, असं मी काकूंना तोंडावर विचारलं. "अहो बाई, ती कुठं सवाष्ण हाय?" काकू म्हणाल्या. दुपारी मालिकेला पुन्हा हजर! मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. मावशींना मात्र काही वाटलं नाही, निदान त्यांनी तसं दाखवलं नाही.

त्यांचा एकच शौक होता, बांगड्यांचा. कासार गल्लीत आला की हातातलं काम टाकून ओट्यावर बसायच्या आणि दोन्ही हात मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत हिरव्यागार काचेच्या बांगड्यांनी भरून घ्यायच्या. काकू एकदा म्हणाल्या, "सवाष्णीचा चुडा भरतीस, कुणाच्या नावाचा गं?" मावशी म्हणाल्या, "माज्या हाताचा हाय. मला आवाज आवडतो." खरंच, पहाटे त्या भाकरी थापायला बसल्या की मला गजराची गरज लागायची नाही.

मला त्यांची एकच काळजी वाटायची. घर आप्पांच्या नावावर, आणि आप्पांचे पुतणे तिकडं चकलांबा गावात टपून बसलेले. मी आप्पांना म्हणायचे, घर मावशींच्या नावावर करा. आप्पा म्हणायचे, "करू की. दिवाळी होऊ द्या." दिवाळ्या होत गेल्या. मावशींना म्हटलं, तुम्ही तरी मागं लागा, तर म्हणाल्या, "मागून घेतलेल्या जागेत मला झोप लागत न्हाई." या दोघांपुढं माझं काय चालणार? हेडमास्तरांनाही मी कधी इतकं समजावलं नसेल.

आणि व्हायचं तेच झालं. एका हिवाळ्यात आप्पा दुकानात बसल्या बसल्या गेले. मी एसटीडीवरून चकलांब्याला कळवलं आणि दुपारच्या आत पुतणे जीप घेऊन आलेसुद्धा. जिवंतपणी काका आजारी होते तेव्हा यांना गाडी मिळत नव्हती. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे आप्पांना भिंतीशी बसवलं होतं, कपाळी भस्म, गळ्यात हार. नेहमीसारखेच गप्प दिसत होते. मावशी त्यांच्या पायाशी बसल्या होत्या, रडत नव्हत्या. थोरला पुतण्या वाकून त्यांना म्हणाला, अगदी गोड आवाजात म्हणाला, "मावशी, चावी द्या. घर आमच्या काकाचं हाय. तुमचं काय नातं? लग्न झालंय का तुमचं?"

"न्हाई," मावशी म्हणाल्या. अशा वेळीसुद्धा!

त्याच वेळी समोरच्या काकू दोघी-तिघींना घेऊन आत आल्या. काकूंच्या हातात खलातला दगडी बत्ता होता. मावशींच्या शेजारी बसत त्या म्हणाल्या, "हात दे बाई. रीत हाय. त्याला उचलायच्या आधी चुडा फोडावा लागतोय." आणि त्यांनी मावशींचं मनगट धरलं. मावशींना ज्यांनी कधी कुंकवाचं बोट लावलं नाही, त्या बांगड्या फोडायला बरोबर वेळेवर आल्या होत्या. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी पुढं झाले, पण मावशींनी डोळ्यांनीच मला थांबवलं.

हात सोडवून घेत त्या पुतण्याला म्हणाल्या, "बाबा, इकडं ये. ह्या बायांसमोर सांग, मी ह्याची कोण? बायको असंन, तर फोडू दे बांगड्या. मंग चावी माज्याजवळ ऱ्हाईल. बायको नसंन, तर चावी घे, अन् माज्या हाताला कुणी हात लावायचा न्हाई. तुमी दोन्ही न्यायचं म्हणता, ते कसं जमंल?"

काकूंचा बत्ता तसाच मांडीवर. पुतण्यानं धाकट्याकडे पाहिलं, आप्पांकडे पाहायचं टाळलं आणि म्हणाला, "बायको न्हाई."

मावशींनी कमरेची चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. मग त्या आप्पांकडे वळल्या, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि किती तरी वेळ नुसता फिरवत राहिल्या. खोलीत बांगड्यांचा तेवढा आवाज येत होता. मला रडू आवरेना.

टीव्ही त्याच जीपमधून चकलांब्याला गेला. काकूंना त्याचं मात्र मनापासून वाईट वाटलं.

पुतण्यांनी घराला कुलूप लावलं, मग आम्ही दोघी खोली शोधायला निघालो. तेच गाव, तेच पाणी, त्याच भिंतींना ओल. "तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण?" असा एकानं नवा प्रश्न काढला. मी पटकन म्हटलं, "मावशी आहेत माझ्या." मावशी म्हणाल्या, "न्हाई हो. किरायदार हाय माजी." दोघींना डोक्यावर छप्पर नाही, आणि त्यात एक मालकीण अन् एक किरायदार! त्याला वाटलं आम्ही त्याची चेष्टा करतोय. त्यानं दार लावून घेतलं. मी रस्त्यातच भांडले, "मावशी, एकदा तरी खोटं बोला हो." त्या शांतपणे म्हणाल्या, "बोलायचंच असतं तर तवाच चावी वाचली असती. आता पत्र्याच्या खोलीसाठी काहून बोलू?"

अखेर तो बँकेतला कारकून भेटला. त्यानं गावाबाहेर घर बांधलं होतं, मागं एक पत्र्याची खोली होती. कोण, कुठल्या, काही न विचारता त्यानं आमचं सामान रिक्षात टाकलं. लग्न झालेल्याच्या घरात राहायचं म्हणून मावशी जरा कुरकुरल्या. त्याच्या बायकोनं ती जरीकाठाची साडी नेसून त्यांना हळदीकुंकू लावलं, तेव्हा कुठं गप्प झाल्या. त्या पत्र्याखाली आम्ही काही वर्षं काढली. थर्मलची राख रोज झाडायची, भाकऱ्या करायच्या, संध्याकाळी त्या एकदा तरी आप्पांचं नाव घ्यायच्या, तसंच एकेरी, पण आता हळू आवाजात.

एका उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन मावशी गेल्या. मी बांगड्या उतरवू दिल्या नाहीत. लिंगायतांच्या दफनभूमीत आप्पांच्या शेजारी त्यांना जागा मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून मी आणि कारकुनानं त्यांना नदीकाठी नेलं. तिथल्या माणसानं मला विचारलं, "तुमी कोण ह्यांच्या?"

"किरायदार," मी म्हटलं.

"म्हंजे घर ह्यांचं होतं?"

"नाही," मी म्हटलं. तो लाकडं रचायला लागला.

पुढच्या महिन्यात कासार आला. मावशी दिसल्या नाहीत म्हणून तो तसाच पुढं निघाला होता. मी आयुष्यात कधी बांगड्या घातल्या नव्हत्या, फळ्यावर लिहिताना अडचण होते. पण मी त्याला थांबवलं, कारकुनाच्या ओट्यावर बसले आणि दोन्ही हात पुढं केले.

"कंच्या भरू, बाई?"

"हिरव्या," मी म्हटलं. "आवाज येणाऱ्या."