बाबा असतील तिथे अंधार

भूतबित, करणीबिरणी मी कधीच मानलं नाही. इथले असले अनुभव वाचून हसणाऱ्यांतली मी. आज स्वतःच लिहायला बसलेय, आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

माझे बाबा दीपनौकेवर होते. म्हणजे दीपगृह बांधता येत नाही अशा ठिकाणी भर समुद्रात नांगरून ठेवलेलं जहाज, डोलकाठीवर मोठा दिवा. ते कुठे जायचंच नाही. महिनोन्‌महिने तीच माणसं, तोच डाळभात, तेच हेलकावे... बदलीची बोट पावसाळ्यात आली तर आली. एक नियम मात्र कडक — साखळी तुटून जहाज जागेवरून सरकलं, तर आधी दिवा विझवायचा. भलत्या जागचा दिवा बघून दुसरी जहाजं फसतात, खडकावर जातात.

आई गेल्यावर माझ्या भावाने, दादाने, बाबांना मोरवा गावातल्या त्यांच्या घरातून हाटकेशला आपल्या फ्लॅटवर नेलं. "पेस्ट कंट्रोल आहे, दोनच दिवस," असं चक्क खोटं सांगून. आणि मागे घर भाड्याने देऊन टाकलं! बाबा रोज विचारायचे, घरी कधी जायचं? हा म्हणायचा, उद्या.

त्याच आठवड्यात बाबा बसतील त्या खोलीतला दिवा जायला लागला. फक्त दिवा. पंखा चालू, टीव्ही चालू. इलेक्ट्रिशियन सगळं तपासून "सब ठीक है" म्हणून गेला. दादा बाबांवरच खेकसायचा, मुद्दाम बटणं बंद करतात म्हणे.

एका संध्याकाळी मी बाबांची नखं कापत होते. त्यांचा हात माझ्या हातात, दुसरा मांडीवर. ट्यूब गेली. बटण चालूच होतं...

बाबा शांतपणे म्हणाले, "माझी जागा सुटलीय ना बाय. आता दिवा ठेवायचा नसतो."

मी बाहेर जाऊन दादाशी कडाकडा भांडले. भाडेकरूंना काय सांगू, म्हणाला. माझ्याकडे नेते म्हटलं, तर बाबाच नको म्हणाले. त्यांना त्यांचं घर हवं होतं.

शेवटी बाबा त्याच फ्लॅटमध्ये वारले. संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्यांना लिफ्टने खाली नेलं आणि वर त्यांच्या खोलीतली ट्यूब लागली. आम्ही दोघं खोलीच्या दारातच उभे होतो, बटणाला कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ. सांगत होतो ना, तेच बंद करत होते."

हे कसं झालं, मला आजही कळलेलं नाही. दादाशी मी त्या संध्याकाळपासून बोललेले नाही.