बुधवार दुपारची पृथ्वी

आमच्या न्याउंगगोन गावात पृथ्वीवर कोणीच जन्मलेलं नाही. रविवारी जन्मलेला सूर्याचा, सोमवारचा चंद्राचा, मंगळवारचा मंगळाचा, असं प्रत्येकाचं ठरलेलं. पॅगोड्याभोवती आठ दिशांना आठ खांब आहेत, प्रत्येक खांबाशी त्या त्या ग्रहाचा प्राणी बसवलाय, आणि सणासुदीला माणूस आपल्या खांबाशी जाऊन मूर्तीवर पाणी ओततो. वार सात आणि खांब आठ, म्हणून बुधवारचे दोन तुकडे केलेत. सकाळचा बुधाचा, दुपारनंतरचा राहूचा. व्यवस्था चोख आहे. फक्त पृथ्वीला ना वार, ना दिशा, ना प्राणी. ही भानगड इतक्या पिढ्यांत कोणाच्या ध्यानात आली नाही. आली ती सयामा यी मोन यांच्या, तीही निवृत्ती तोंडावर आल्यावर.

सयामा म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई. त्या स्वतः बुधवारी दुपारी जन्मलेल्या, म्हणजे राहूच्या. आई शेंगदाण्याच्या शेतात होती, आणि मठात भिक्षूंचं जेवण आटोपल्याचा मध्यान्हीचा टोला पडला त्याच्या पाठोपाठ यी मोन जगात आल्या. "त्या दिवशी भिक्षूंनी शेवटचे दोन घास सावकाश खाल्ले असते, तर मी बुधाची झाले असते," असं त्या म्हणायच्या. बुधाचा हत्ती सुळेवाला. राहूचा बिनसुळ्याचा. मूर्ती घडवणाऱ्याचा काही राग होता की काय, आमच्या खांबाशी बसलेला राहूचा हत्ती तर थेट डुकरासारखा दिसतो.

पण हत्तीवरून कोणाचं आयुष्य अडत नाही. यी मोनचं अडलं ते कौंग म्यावरून. कौंग म्या घाणेवाल्याचा मुलगा, सोमवारचा, अंगापिंडानं दणकट. दोघं नदीकाठच्या चहाच्या दुकानात एकाच बशीतून मुरवलेला चहाचा पाला खायचे, लसूण कोणी काढायचा यावरून भांडायचे, आणि हे भांडण लग्नाचंच आहे हे सगळ्या गावाला कळत होतं. मग ज्योतिष्यानं पाटीवर आकडे मांडले आणि पाटी उपडी घातली. मुलगा चंद्राचा, मुलगी राहूची. राहू चंद्राला गिळतो. लग्न केलंत तर वर्षाच्या आत नवरदेव गिळला जाईल. कौंग म्याचा आकार बघता राहूला ते काम झेपलं असतं असं मला वाटत नाही, पण घाणेवाल्याच्या बायकोनं रडून घर डोक्यावर घेतलं आणि हा दणकट गडी आईच्या पदराआड गेला. त्यानं शनिवारच्या एका भल्या मुलीशी लग्न केलं. यी मोननं कोणाशीच केलं नाही. आपण कोणाला गिळू, याची तिला मनातून भीती बसली होती. एवढी शिकलेली बाई, पण बसली होती खरी.

त्या दिवसापासून कौंग म्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. सुरुवातीला लाजेनं, नंतर सवयीनं. पुढे नावाआधी वडीलधाऱ्यांचा 'ऊ' लागून तो ऊ कौंग म्या झाला, केस पांढरे झाले, बायको वारली, पॅगोडा समितीचं अध्यक्षपद आलं, तरी सयामांशी बोलायचं झालं की तो तिसऱ्याकडे बघून बोलायचा. तिसरं कोणी नसलं तर पाण्याच्या माठाकडे. "शाळेची कौलं गळतात असं ऐकलं," तो माठाला सांगायचा. "गळतात," सयामाही माठालाच सांगायच्या. शाळेची कौलं त्या माठाच्या मध्यस्थीनं दोनदा शाकारून झाली.

चौथीत 'सूर्य आणि त्याचे ग्रह' हा धडा सयामा दरवर्षी शिकवत. दरवर्षी पोरं आपापला ग्रह सापडला की ओरडायची, आणि सगळ्यांचे ग्रह वाटून झाले की एखादं विचारायचं, "सयामा, तुमचा कुठला?" धड्यात राहू नव्हता. सयामा त्या पोराला फळा पुसायला लावत. पण यंदा शनिवारच्या एका मुलीनं भलतंच विचारलं. "सयामा, पृथ्वी कोणाची?" सयामांच्या हातातला खडू तसाच राहिला. खरंच, कोणाची? वर्गभर ग्रह बसले होते आणि पायाखालच्या जमिनीला वाली नव्हता.

त्या रात्री सयामांना झोप आली नाही, आणि सकाळी त्यांनी ठरवून टाकलं. दिव्यांच्या पुनवेच्या जत्रेत पॅगोड्याच्या आवारात पोरांची जिवंत सूर्यमाला फिरवायची. जत्रेनंतर त्या निवृत्त होणार होत्या. जन्मभर फळ्यावर वर्तुळं काढली. एकदा, फक्त एकदा, पृथ्वीसकट सगळी सूर्यमाला फिरताना बघायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं.

समितीची बैठक बसली. पहिलं घोडं अडलं सूर्यापाशी. सूर्य मधे हवा, आणि मधे तर पॅगोडा. शिवाय सूर्याचा खांब ईशान्येला, मग तो मधे कसा येणार?

"सूर्य पॅगोड्याच्या पायरीवर उभा राहील," सयामांनी माठाला सांगितलं. "सगळे दोघांभोवती फिरतील. सूर्याचा अपमान होणार नाही, पॅगोड्याचाही नाही."

"चालेल," अध्यक्ष माठाला म्हणाले. "फिरणार कुठल्या बाजूनं?"

इथे खरी अडचण होती. पॅगोड्याला प्रदक्षिणा घालायची ती उजव्या हाताला ठेवून. उलटं फिरणं म्हणजे अपशकुन. आणि धड्यातले सगळे ग्रह झाडून उलटे फिरतात.

"वरून बघितलं तर उलटे," सयामा म्हणाल्या. "खालून बघितलं तर सुलटे. आपण खालून बघू."

"खालून कोण बघणार?" समितीतला सर्वांत म्हातारा ऊ तिन फे याने विचारलं.

"शनीचा नाग आहे की जमिनीखाली. तो बघेल."

शनीचा प्राणी नाग, तेव्हा साक्षीदार पक्का झाला. ठराव पास झाला.

मग वाटप. बुधाला बुधवार सकाळचा एकच मुलगा, अंगानं काडी. सगळ्यांत लहान ग्रहाला सुळ्यांचा हत्ती आणि सगळ्यांत मोठ्या गुरूला उंदीर, हे कळल्यावर गुरुवारची पोरं रडायच्या बेतात आली. शुक्र स्वतःभोवती इतरांच्या उलटा फिरतो, म्हणून शुक्रवारच्या मुलीला उलट्या गिरक्या घ्यायला लावल्या, तर ती तीन गिरक्यांत ओकली. मंगळाच्या मुलाला लाल लुंगी मिळाली आणि तो गावभर ती दाखवत हिंडला. शनिवारची पाच पोरं होती आणि पाचही जणांना शनीच व्हायचं होतं, तेव्हा एकाला मधे उभं करून चौघांची कडी केली. ती कडी इतकी झकास जमली, की पुढे आठवडाभर ती पोरं तशीच शाळेत यायची. दारात अडकायची. सोमवारच्या तीन मुलींनी आळीपाळीनं चंद्र व्हायचं ठरलं.

राहिले युरेनस आणि नेपच्यून. त्यांचे वार नाहीत. "फार लांबचे आहेत ना? मग बाहेरगावचे घ्या," ऊ तिन फे म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं. युरेनस आडवा पडून फिरतो, म्हणून पलीकडच्या काठाचा नावाडी घेतला. बारा गावचं पाणी प्यालेला, वर ताडीही प्यालेला. त्याला लोळायला शिकवावं लागलं नाही. नेपच्यून सगळ्यांत दूर आणि सगळ्यांत थंड, म्हणून तो मान बर्फवाल्याला मिळाला. त्यानं आवाराच्या भिंतीबाहेरून गाडीसकट फिरायचं होतं.

आणि पृथ्वी? एकही आई पोराला पृथ्वी होऊ देईना. "माझं लेकरू माती का म्हणून?" मा सान न्वे म्हणाली. तिची मुलगी तिघी चंद्रांतली एक. अखेर सयामांनी आपल्या परसातला मोठा भोपळा आणला, त्यावर निळ्या रंगानं समुद्र काढले, आणि तो तिसऱ्या जागी स्टुलावर ठेवला. भोपळा फिरणार नव्हता. पण निदान तिथे काहीतरी होतं.

पुनवेच्या दिवशी दुपारपासून आवार माणसांनी भरलं. दीड हजार दिवे लावायचे होते, मोहिंग्याच्या, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवयांच्या, हंड्या रटरटत होत्या, माशांचा वास पॅगोड्याच्या कळसापर्यंत गेला होता. सयामांनी नवी लुंगी नेसली होती, केसांत फुलं माळली होती. ग्रह आपापल्या रेघेवर उभे राहिले. तिसऱ्या जागी नुसतं स्टूल होतं.

"पृथ्वी कुठे गेली?"

शोधाशोध झाली. स्वयंपाकाच्या बायकांतली एक लुंगीला हात पुसत आली. "तो निळा भोपळा होय? आम्हाला वाटलं दानात आलाय. साल काढून टाकली, रंग नाही उतरला भाजीत."

पृथ्वीची भाजी झाली होती. दोन भिक्षूंनी सकाळी वाखाणून खाल्लीही होती.

सयामा स्टुलाकडे बघत राहिल्या. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मग त्यांनी स्टूल उचलून बाजूला ठेवलं आणि त्या जागी स्वतः उभ्या राहिल्या.

"मी होते पृथ्वी. चला, चंद्र या."

चंद्र आला नाही. मा सान न्वेनं मुलीचा दंड धरून ठेवला होता. बाकीच्या दोन चंद्रांच्या आयाही पुढे सरसावल्या.

"सयामा, राग मानू नका," मा सान न्वे म्हणाली, "भोपळ्याभोवती फिरली असती पोरगी. पण तुम्ही राहूच्या. राहूभोवती चंद्र कोण पाठवील? उद्या काही झालं तर?"

ऊ कौंग म्या दिव्यांच्या पणत्यांकडे टक लावून बघत होते.

सयामांच्या गालावरचा तनाख्याचा, उगाळलेल्या सालीचा, लेप अश्रूंनी ओला झाला होता. पण आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "चंद्राला काय गिळतं ते मी चौथीला दरवर्षी सांगते, मा सान न्वे. तुलाही सांगितलं होतं. तू तेव्हा खिडकीतून चिंचा तोडत होतीस. सूर्य एकीकडे, चंद्र दुसरीकडे, मधे पृथ्वी. चंद्रावर पडते ती पृथ्वीची सावली. तीच तुमचा राहू. गिळत बिळत नाही कोणी. सावली पडते आणि सरकते. चंद्र होता तसाच असतो."

हे बोलता बोलता त्या थबकल्या. जन्मभर शिकवलेली गोष्ट त्यांना स्वतःला आत्ता ऐकू आली होती.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "राहू जर पृथ्वीची सावली, तर पृथ्वी आमचीच. बुधवार दुपारवाल्यांची."

"आणि इतकी वर्षं पाणी कोणाला घातलंत?" ऊ तिन फेनं विचारलं.

"सावलीला घातलं. झिरपलं असेल खाली."

लोक हसले, पण चंद्र काही सुटला नाही. मा सान न्वेची मूठ घट्टच होती. सूर्य पायरीवर कंटाळला होता, शनीची कडी घामानं निसटत होती, युरेनस लोळायला अधीर झाला होता. सयामा मधल्या त्या मोकळ्या जागेत एकट्याच उभ्या होत्या आणि सूर्यमाला अडून बसली होती.

तेव्हा ऊ कौंग म्यांनी पणती खाली ठेवली. लुंगीची गाठ सोडून पुन्हा घट्ट मारली. "सोमवारचा मीही आहे," ते कोणाकडेच न बघता म्हणाले, आणि येऊन सयामांच्या बाजूला उभे राहिले. पाठ त्यांच्याकडे, तोंड पॅगोड्याकडे.

"असं नाही," सयामा म्हणाल्या.

"मग कसं?" त्यांनी पायरीजवळच्या माठाला विचारलं.

"चंद्र पृथ्वीभोवती फिरतो तो कायम एकच बाजू पृथ्वीकडे ठेवून. तोंड इकडे करा."

ऊ कौंग म्यांनी माठावरची नजर काढली. मग वळले. तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओल्या तनाख्याचे ओघळ, कपाळावरच्या आठ्या, केसांतली फुलं, सगळं. लगेच त्यांची नजर खाली गेली.

"चंद्र मान खाली घालत नाही," सयामा म्हणाल्या.

त्यांनी मान वर केली. आणि सूर्यमाला सुरू झाली.

बुध सुसाट सुटला. शुक्रानं मोजून दोनच गिरक्या घेतल्या. गुरू उंदराची शेपटी लावून डौलात निघाला, शनीची कडी पॅगोड्याच्या कोपऱ्याला अडकून मोकळी झाली, युरेनस लोळत लोळत मोहिंग्याच्या हंडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. भिंतीबाहेर नेपच्यून घंटा वाजवत बर्फ विकत होता. त्याचा फेरा अजून पुरा व्हायचाय. पृथ्वी स्वतःभोवती वळत हळूहळू चालली, आणि तिच्याभोवती हा साठी उलटलेला माणूस खेकड्यासारखा तिरपा तिरपा, लुंगी सावरत, धापा टाकत फिरत राहिला. नजर हलवली नाही. मा सान न्वेची मूठ कधी सैल झाली ते तिलाही कळलं नाही. तिची मुलगी जाऊन गुरूला एक चंद्र कमी पडतोय म्हणून त्याच्याभोवती फिरू लागली.

"वर्षाला किती फेरे असतात याचे?" ऊ कौंग म्यांनी विचारलं. माठ बराच मागे राहिला होता.

"बारा. कधी तेरा."

ते थोडं चालले. घाम डोळ्यांत गेला होता, तो त्यांनी पुसला नाही.

"म्हणजे माझे मागचे बरेच राहिलेत, यी मोन."

सयामांनी स्वतःभोवती फिरणं थांबवलं, तसा चंद्रही थांबला. पृथ्वीनं असं करायचं नसतं, हे त्या चौथीला दरवर्षी सांगत आल्या होत्या.

"मग बोलत काय उभा राहिलास?" त्या म्हणाल्या. "चाल."