जोंधळ्यांची गोधडी

आई गोधडी शिवायला बसली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. वैशाखात गोधड्या सगळेच शिवतात, पण दार लावून कोणी शिवत नाही. पण त्या दिवसांत माझं घरात लक्ष कुठं होतं? मिरजगावच्या बाजारात उभं राहून चारपानी पत्रकं वाटायची, साठेबाजांना तोंडावर बोलायचं, हा माझा उद्योग. 'चोरून नेलेला प्रत्येक दाणा कुणाच्या तरी ताटातला आहे' हे वाक्य माझंच. ते लोकांना पाठ झालं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं. नगर शहरात बाहेरचं धान्य परवान्याशिवाय न्यायला बंदी. आणि नगरात माझी थोरली बहीण आक्का, तीन महिन्यांच्या बाळाची आई. तिचं कार्ड आलं होतं: रेशनचे जोंधळे किडके, भाकरीला कुबट वास मारतो, घास उतरत नाही, बाळाला दूध पुरत नाही. आमच्या कणगीत तर चांगले जोंधळे होते. आपल्या शेतातलं धान्य आपल्या लेकीला द्यायला परवाना लागतो, आणि तो मागायला गेलेल्या म्हाताऱ्या बापाला कचेरीत 'उद्या या' म्हणतात. आबा तीनदा गेले. चौथ्यांदा गेले नाहीत.

मग ठरलं, शनिवारी नगरला जायचं, रविवारी सगळ्यांनी मिळून डोंगरगणला जाऊन बाळाला देवाच्या पायांवर घालायचं, आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत. आई उभ्या जन्मात फिरायला म्हणून कुठं गेली नव्हती. तिनं वाटेसाठी आणि डोंगरासाठी भाकऱ्या थापून फडक्यात बांधल्या.

मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, चढ आला की माणसांनी उतरायचं. उतरताना मी आईच्या हातातली गोधडी घेतली आणि माझा हात खाली गेला. आत चिंध्या नव्हत्या. दोन जुन्या लुगड्यांच्या मधे जोंधळे पसरले होते, आणि दाणा सरकू नये म्हणून बोटाबोटावर टाके घातले होते.

"आई, हे काय?"

"बाळाची गोधडी."

"आई."

"गप चाल. तुला बोलायचं काम न्हाई."

नगरच्या अलीकडं नाका होता. तिथला कारकून माझ्याच वयाचा, चष्मेवाला. एका बाईचं बोचकं सोडता सोडता त्यानं मला पाहिलं आणि हात पुसत आला.

"तुम्ही ते मिरजगावचे ना? पत्रकवाले? तुमचं पत्रक आम्ही आत भिंतीला डकवलंय." माणूस खरंच खूश झाला होता. "तुमच्या सामानाला मी हात लावणार नाही. तुम्ही फक्त सांगा. धान्य नाही ना?"

"न्हाई, न्हाई," आबा म्हणाले.

"तुम्हाला नाही, बाबा. यांच्या शब्दावर सोडतोय."

मोटारीतली माणसं माझ्याकडं बघत होती. त्यातल्या दोघांना मी स्वतः पत्रक दिलं होतं.

"आहे," मी म्हणालो. "गोधडीत."

कारकुनाचा चेहरा पडला. त्याला सोडायचं होतं, आता सोडता येईना. तो चाकू घेऊन आला तेव्हा आई नाक्यावर पहिल्यांदा बोलली, "फाडू नका. मी उसवून देते." ती तिथंच धुळीत बसली आणि दातांनी एकेक टाका तोडू लागली. मोटार खोळंबली.

"आटपा, मावशी," आतून कुणीतरी म्हणालं. "पोरगं लई खरं बोलतं तुमचं. अजून काय काय सांगंल."

लोक हसले. आईनं दाणे नाक्याच्या फरशीवर ओतले, लुगडी झटकली, घड्या घातल्या.

आक्कानं जातं पुसून ठेवलं होतं. भोवती फडकंही अंथरलं होतं. आईनं तिच्या हातात लुगड्यांच्या घड्या दिल्या आणि म्हणाली, "एवढंच हाय." दाजींना आबांनी सगळं सांगितलं. दाजी माझ्याकडं बघून म्हणाले, "मेव्हण्यांनी सरकारला जेवायला घातलं म्हणा."  आक्कानं रेशनचे जोंधळे सुपात घेतले आणि किडे वेचायला बसली.

डोंगरगणची दरी फार सुंदर आहे म्हणतात. पहाटे टांगा केला, घाट उतरलो, झऱ्याच्या पाण्यानं बाळाचे पाय धुतले, एवढं आठवतं. जेवायला बसलो तेव्हा आईनं भाकऱ्यांचं फडकं सोडून सगळं आक्कासमोर सरकवलं. नाक्यावर त्याला कुणी हात लावला नव्हता. भाजलेल्या भाकरीला बंदी नव्हती.

"आमास्नी भूक न्हाई," आई म्हणाली.

आदल्या दिवशीच्या कडक भाकऱ्या. आक्कानं चटणीशी तीन खाल्ल्या, मान वर न करता. आमच्या घरात कुणाला असं जेवताना मी पाहिलं नव्हतं. मग अर्धी मोडून तिनं माझ्यापुढं धरली. "खा. तुझ्या पत्रकात भाकरी लिहिलेली न्हाई."

मी ती घेतली नाही. म्हणालो, "आक्का, मी खोटं कसं बोलणार होतो?"

उत्तर आईनं दिलं. "तुला खोटं बोल कोण म्हनलं? माझ्याकडं बोट करायचं. मी बोलले असते. खोटं माझं झालं असतं."



परत येताना मी नाक्यावर उतरलो. आमचे जोंधळे कोपऱ्यात तसेच होते, दोन कोंबड्या टिपत होत्या. मी पावती मागितली. कारकून म्हणाला, पावतीबुकं वरून आलेली नाहीत. मग मी ओरडलो. लोकांच्या तोंडचा घास काढून कोंबड्यांना घालता, कोठारं भरलेल्यांच्या मोटारी कधी उसवल्या का, सगळं बोललो. सगळं खरं होतं. आई मोटारीतून म्हणाली, "चल, बस. आता वरडून काय?"

त्या आठवड्यात तिनं आणखी दोन जुनी लुगडी अंथरली. कणगीतून जोंधळे काढले.

"सुईत दोरा ओव. मला दिसत न्हाई."

मी ओवून दिला.

"ह्याला नगं नेऊ," आबा म्हणाले.

"न्हाई नेत."

शनिवारी ती एकटी गेली, रविवारी रिकाम्या हातानं परत आली. नाक्यावर काय झालं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आठ दिवसांनी आक्काचं कार्ड आलं. गोधडी पोचली, बाळ बरं आहे. खाली आई-आबांना नमस्कार होता. त्यानंतर मला आशीर्वाद लिहायची तिची रीत. ती ओळ त्या कार्डात नव्हती.