बाबांना दिसलेल्या दोघी

आंब्याच्या चिकाचा वास आला की मला बाबांचा चुकलेला झेला आठवतो. झाडावरचा एकच आंबा त्यांना दोन दिसू लागला होता आणि झेल्याच्या लांब काठीची जाळी नेमकी नसलेल्या आंब्याखाली जायची. चालतानाही झोक जायचा. आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. रत्नागिरीतल्या डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर हातोडी मारली, तर पाय उडालाच नाही. "मध्यंतरी पोट बिघडलं होतं?" त्यांनी विचारलं. बाबांनी मान डोलावली. "मग शरीर आपल्याच नसांवर उलटलंय. क्वचित होतं, पण बरं होतं." बाबांनी माझ्याकडे, त्यांच्या एकुलत्या एक मुलीकडे, पाहिलं. "म्हणजे यातली एक जाणार काय हो?" आता त्यांचा झेला चुकत नाही. तरी मी माहेरी पोचले की बागेतून हाक येते, "आलात काय गो दोघी?"