चार नंबरच्या पिल्लाचा ठिपका

मी संशयी माणूस नाही. माझा फक्त कोणावर विश्वास नाही.

यात माझा दोष नाही. साताऱ्यातल्या एका सरकारी कचेरीत मी उभी नोकरी लोकांचे दाखले पडताळण्यात घालवली. दाखला खरा निघाला की मला दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं. रिटायर झाल्यावर पडताळायला काही उरलं नाही, तेव्हा मी दूधवाल्याचं दूध पडताळायला लागलो. त्यानं दूध घालणंच बंद केलं. (म्हणजे पाणी होतंच की नाही?) शेवटी बायको म्हणाली, "अहो, आता माझं चहाचं पातेलं तेवढं तपासायचं राहिलंय. कुठंतरी जाऊन या!"

म्हणून मी माण तालुक्यात, थोरल्या बहिणीच्या गावी गेलो.

अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मिलिटरीतून सुभेदार होऊन परतले आणि कारवानी कुत्री पाळायला लागले. कारवानी म्हणजे लांब पायांचं, पोट खपाटीला गेलेलं, सुसाट पळणारं कुत्रं. (नवख्या माणसाला वाटतं, उपाशी ठेवलंय.) त्यांची राणी नावाची कुत्री पंचक्रोशीत नावाजलेली. तिला सहा पिल्लं झाली होती आणि तिचं वय बघता हे शेवटचंच वेत. दाजी पिल्लू वाटेल त्याला देत नसत. म्हणायचे, "पिल्लू न्हाई खपलं तर न्हाई खपलं. पन न्हेल्यावर कुनी म्हनाय नको, सुभेदारानं फसवलं." आजवर तसं एकही माणूस म्हणाला नव्हता, आणि दाजींना त्याचा त्यांच्या मेडलांपेक्षा जास्त अभिमान होता.

पुण्यातल्या भाचीनं त्यांना एक वेबसाइट करून दिली होती. फौजी टोपीतले दाजी, शेजारी राणी, खाली फोन नंबर. बस्स! मी ती उघडली आणि हादरलो.

"दाजी, फोन नंबर असा उघड्यावर?"

"मग? लोकं फोन कसा करत्याल?"

"अहो, कुणीही करेल!"

"आवं पाव्हणं, त्यासाठनंच दिलाय न्हवं!"

इतका भोळा माणूस सरकारनं सीमेवर कसा ठेवला होता, देव जाणे. भाचीकडून पासवर्ड घेतला आणि मी वेबसाइट सुधारायला बसलो.

आधी नंबर काढून टाकला. त्या जागी एक फॉर्म टाकला. प्रश्न एकतीस. सतरावा प्रश्न, 'आपणास कुत्रा का हवा आहे?' अठरावा प्रश्न, 'खरे कारण काय?' मग एक खास पान केलं, लाल अक्षरांत, 'फसवणुकीपासून सावधान!' त्यातला पहिलाच नियम होता, 'फोटोत एक पिल्लू आणि प्रत्यक्षात दुसरेच दाखवणारे भामटे ओळखा.' हा नियम मला इतका आवडला की मी तो दोनदा मोठ्यानं वाचला.

राहिले फोटो. रविवारी दाजी दहिवडीला गेले होते. मी मोबाइल घेऊन अंगणात आलो, तर अक्का म्हणाली, "रम्या, जरा दम धर. पिल्लं आवरती आन् देती." पिल्लं आवरायला तिला चांगली वीस मिनिटं लागली. लग्नाला निघालेली माणसं एवढा वेळ घेत नाहीत! आयुष्यात संशय घ्यायचा राहून गेला तो एवढाच.

सहाही पिल्लं एकाच बदामी रंगाची. ओळखायची कशी? आणि बघतो तर काय, प्रत्येकाला एक काळा ठिपका! एकाच्या कपाळावर डावीकडे, एकाच्या गालावर, एकाच्या कानामागे. म्हटलं वा रं वा, देवालाही पडताळणीचं महत्त्व कळतं! मी लगेच लिहून काढलं, 'पिल्लू क्रमांक चार. जन्मखूण : कपाळावर उजवीकडे काळा ठिपका. खूण पडताळल्याशिवाय पिल्लू ताब्यात घेऊ नये.'

नंतर पंधरा दिवस सगळी सामसूम. मी पिल्लांकडं बघायचं सोडून फॉर्म येतोय का, तेच मोबाइलवर बघत बसलो.

"पाव्हणं, फोन यायचं बंद झालं वो," दाजी म्हणाले.

"बघा! भामटे बंद झाले."

"भामटं बी गेलं आन् गिऱ्हाईक बी गेलं."

मग एके दिवशी सांगलीच्या एका मॅडमनी सगळाच्या सगळा फॉर्म भरून पाठवला. एकतीस प्रश्नांची एकतीस उत्तरं! माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. इतके प्रश्न कुठला प्रामाणिक माणूस सोडवतो? मी अठरावं उत्तर उघडलं. लिहिलं होतं, 'आई गेल्यापासून बाबा मळ्यात एकटेच राहतात. कुणाशी बोलत नाहीत. निदान कुत्र्याशी तरी बोलतील. चार नंबरचं पिल्लू त्यांना आवडलंय. फोटो ते रोज बघतात.'

मला गलबलून आलं. (तरी मळ्याचा फोटो मागवलाच. मळा खरा होता.)

ठरल्या दिवशी मॅडम गाडी घेऊन आल्या. सोबत बाबा, पांढरं धोतर, हातात काठी, तोंडातून शब्द नाही. दाजींनी इस्त्रीची टोपी घातली होती. मॅडमनी पिशवीतून माझ्या वेबसाइटच्या छापील प्रती काढल्या. मला त्यांचा स्वभाव एकदम आवडला.

"चार नंबरचं कुठलं? उजवीकडे ठिपका असलेलं?"

मी ऐटीत पुढे झालो. एक पिल्लू उचललं. ठिपका नाही. दुसरं उचललं. नाही! सहाच्या सहा उचलली, कान उलटे केले, चष्मा पुसला, परत पहिल्यापासून सुरुवात केली. अंगावर ठिपक्याचा मागमूस नाही!

"दाजी," मी ओरडलो, "पिल्लं बदलली!"

"काय?"

"कुणीतरी रातोरात बदलली! त्या शेजारच्या नामदेवाचं काम आहे."

"आवं, नामदेवाकडं शेळ्या हायत."

"शेळ्या दाखवायला असतात, दाजी!"

मी कुंपणावरून वाकून नामदेवाचा गोठासुद्धा बघितला. चौदा शेळ्या आणि नामदेव, सगळे मिळून माझ्याकडे बघत होते. परत आलो तर मॅडमच्या हातात ते लाल अक्षरांचं पान. त्यांनी पहिला नियम सावकाश, स्पष्ट वाचला. "फोटोत एक पिल्लू आणि प्रत्यक्षात दुसरेच दाखवणारे भामटे ओळखा." पान खाली केलं आणि दाजींकडे बघितलं. "सुभेदारसाहेब, हे तुमच्याच वेबसाइटवर आहे ना?"

दाजींनी टोपी काढली. "बाई, राणीचीच पिल्लं हायत. देवाशपथ. मी आजपतूर कुनाला..." मग ते टोपी नुसती हातात फिरवत राहिले. त्या माणसानं आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट मी माझ्या लाल अक्षरांनी मातीत घातली होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि तरीही, खरं सांगतो, डोक्यात एक कोपरा म्हणत होता, नामदेवानं शेळ्यांच्या मागं लपवली असतील.

तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली. "काय झालं? कसला ठिपका?"

मॅडमनी फोटो पुढं केला. अक्कानं तो लांब धरून बघितला. "आगं बया! ही तर तीट हाय. काजळाची. मीच लावलीती, ह्यो फोटू काढाय आला तवा. राणीनं चाटून टाकली तवाच."

"कुत्र्याच्या पिल्लांना तीट?" मॅडम म्हणाल्या.

"लावाय नगं? गुटगुटीत पिल्लं. दिष्ट लागती."

"पण कुणाची? इथं तर तुम्ही घरचीच माणसं."

अक्कानं चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि हनुवटीनं माझ्याकडं खूण केली. "घरच्याचीच. आमच्या रम्याची नजर लय वाईट. ल्हान हुता तवा म्हशीकडं टक लावून बसायचा. म्हस आटली."

"अक्का, मी दूध किती निघतंय ते बघत होतो!"

"त्येच म्हनती मी."

मॅडम हसायला लागल्या ते चहा सांडेपर्यंत. दाजी हसावं की मला हाणावं या पेचात उभे. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की बाबा मघापासून खाली मातीत बसलेत. एक पिल्लू त्यांच्या मांडीवर चढून धोतराचा काठ चावत होतं.

"हेच न्यायचं," बाबा म्हणाले.

मॅडमचं हसू एकदम थांबलं. त्या बाबांकडं बघतच राहिल्या.

"बाबा, पण ते चार नंबरचं आहे का, ते..."

"त्याला नंबर नको. नाव ठेवू." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमचे प्रश्न संपले असतील, तर निघतो."

दाजींनी टोपी परत डोक्यावर ठेवली आणि त्या म्हाताऱ्याला कडक सॅल्यूट ठोकला. निघताना मॅडमनी अक्काकडून पिल्लाला तीट लावून घेतली. का, तर मी निरोप द्यायला गाडीपाशी उभा होतो!

संध्याकाळी दाजींनी भाचीला फोन लावला. तासाभरात वेबसाइट होती तशी झाली. टोपी, राणी, फोन नंबर. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले आणि उरलेली पिल्लंही चांगल्या घरी गेली. ती नेताना मला अक्कानं देवघरात बसवून ठेवलं होतं.

परवा मॅडमचा फोटो आला. मळ्यात बाजेवर बाबा, समोर पिल्लू, बाबांचं तोंड उघडं, म्हणजे काहीतरी सांगणं चाललेलं. खाली लिहिलं होतं, 'तुमचे मेव्हणे बघतील म्हणून तीट लावूनच फोटो काढलाय.' दाजी हसले, अक्का हसली, मीही मनापासून हसलो.

मग मोबाइल घेऊन जरा बाजूला गेलो आणि फोटो मोठा करून बघितला.

मी संशयी माणूस नाही. पण चार नंबरच्या पिल्लाचा ठिपका उजवीकडं होता, आणि हा डावीकडं आहे!