भोंग्याचा नवा आवाज

बसस्थानकावर त्याला सगळे भोंगा म्हणत. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे तो असं पुकारायचा की बाकावर झोपलेला माणूस दचकून आपली पिशवी चाचपायचा. माइक बंद पडला तरी त्याचं काही अडत नसे. आणि रोगाने धरावा तर नेमका त्याचाच घसा! डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, पुढे दुखणं मणक्यात उतरलं आणि भोंगा खाटेला खिळला.

बोलायचं ते तो पाटीवर खडूने लिहायचा. लेकीला ते बघवेना. तिने लॅपटॉप आणला, टाइप केलं की बोलणारा. दुकानात तिने तो एका तळहातावर तोलून पाहिला होता. स्वस्त, पातळ, बाबांच्या अंगावर भार होणार नाही इतका हलका. आत पंखा नाही, म्हणून घरघर नाही. बॅटरी दिवसभर पुरते. पडदा जरा फिका होता, पण बाबांना कुठे सिनेमे बघायचे होते? पाटी माळ्यावर गेली.

खोट दुसऱ्याच दिवशी कळली. स्पीकर होता पोटाखाली. टेबलावर ठीक, पण पांघरुणावर ठेवला की शब्द पांघरुणातच मुरायचे. बायकोने तोड काढली. खाली स्टीलचं ताट पालथं घातलं. आता आवाज खणखणीत यायचा, फक्त तो बाईचा होता.

"शेवटी माझ्या जागेवर बाईच आणली," भोंग्याने टाइप केलं.

"बरं झालं. जन्मभर तुमचंच ऐकलं, आता बायकांच्या आवाजात बोला," ती म्हणाली.

दोघंही हसली. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, पण तिला आता तेही सवयीचं झालं होतं.

एका सकाळी त्या ताटावर दूध सांडलं. "थांबा, विसळून आणते," म्हणत तिने लॅपटॉप त्याच्या मांडीवर पांघरुणावर ठेवला आणि ताट घेऊन न्हाणीघरात गेली. ताट खणकन पडलं. त्यामागोमाग काहीतरी जड पडलं. मग काहीच नाही.

भोंग्याने टाइप केलं, "काय झालं?" मग, "धावा!" यंत्र पांघरुणात तोंड खुपसून पुटपुटलं. त्याने ते उचलून धरलं, तरी तो किरटा आवाज दाराबाहेर जाईना. शेवटी त्याने लॅपटॉप खिडकीवर भिरकावला. हलका होता, म्हणून जमलं. काच फुटली.

शेजारी धावत आला. "अहो काका, एवढा राग? काकू कुठायत? बाजारात गेल्या का?"

लॅपटॉप जमिनीवर दुभंगून पडला होता. भोंगा जिवाच्या आकांताने न्हाणीघराकडे बोट दाखवू लागला.

"लागलीय होय? मग सांगायचं ना तसं!"

शेजारी भला माणूस. त्याला बोल तरी कुठल्या तोंडाने लावायचा? त्याने खाटेखालचं भांडं काढलं, भोंग्याला कुशीवर वळवलं. भोंगा मान हलवून नको नको म्हणत होता. "लाजायचं काय त्यात?" म्हणत शेजारी पाठीवरून हात फिरवत राहिला. भीतीने म्हणा, रोगाने म्हणा, भांडं रिकामं राहिलं नाही. मग त्याने सावकाश काचा वेचल्या आणि भांडं घेऊन आत गेला.

ताट पुन्हा खणकलं. पाठोपाठ शेजाऱ्याची किंकाळी आली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेरच्या खोलीत लेकीला हळूच म्हणाले, "थोडं आधी कळलं असतं, तर वाचल्या असत्या."

भोंग्याचे कान अजून शाबूत होते.